पेठेचा अभिमान

मनुष्याला ज्या गोष्टींचा अतिशय अभिमान वाटतो, त्यांपैकीं बहुतेक त्यानें स्वत: निवडलेल्या नसतात. आईबाप, मातृभाषा, गांव, कुलदैवत हीं सर्व त्याला जन्माबरोबरच मिळतात. आणि तीं देतांना त्याची संमति कोणीं विचारलेली नसते. कोल्हापुरांत जन्मलेल्या मुलाच्या बाबतींत ह्या यादींत आणखी एका गोष्टीची भर घालावी लागते. ती म्हणजे त्याच्या पेठेची तालीम. मूल शाळेंत जाऊं लागण्यापूर्वींच आपला फुटबॉलचा संघ कोणता हें त्याला ठाऊक झालेलें असतें. पुढें तें घर बदलील, धंदा बदलील, कदाचित् मतेंही बदलील; पण संघ बदलल्याचें उदाहरण माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. असा न निवडलेला अभिमान सद्गुण मानावा कीं दोष, हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या ह्या क्षुल्लकपणांतच एक सोय आहे. देश किंवा धर्म ह्यांच्या अभिमानाविषयीं बोलूं लागलें कीं मनुष्याचा आवाज चढतो. खेळाविषयीं, निदान सामना संपून चार दिवस लोटल्यावर तरी, शांतपणें बोलतां येतें.

ज्या वाचकांना कोल्हापूरचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. येथील तालमी मूळच्या कुस्तीच्या. राजर्षि शाहू महाराजांनीं (१८७४–१९२२) मल्लविद्येला उदार आश्रय दिला व त्यामुळें हें शहर कुस्तीचें माहेरघर बनलें. खासबागेचें मैदान त्याची साक्ष देत आजही उभें आहे. पुढें तालमींच्या तरुणांना फुटबॉलची गोडी लागली, आणि लाल मातींतील ईर्षा त्यांनीं तशीच उचलून हिरव्या मैदानावर नेली. आज खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम हीं नांवें कुस्तीपेक्षां फुटबॉलमुळेंच अधिक लोकांच्या तोंडीं आहेत; त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे दुसरेही संघ आहेत. सामने छत्रपति शाहू स्टेडियमवर होतात, आणि मोठ्या सामन्याच्या दिवशीं हजारों लोक तेथील पायऱ्यांवर दाटी करून बसतात. उरलेला महाराष्ट्र क्रिकेटच्या धांवा मोजण्यांत गुंतलेला असतांना हें एक शहर गोल मोजीत असतें. ‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. तालीम मनुष्याला काय शिकविते, हाच ह्या लेखाचा विषय आहे असें म्हटलें तरी चालेल.

ह्या व्यवस्थेचें जवळचें नातें शोधूं गेल्यास तें इंग्लंडपेक्षां दक्षिण अमेरिकेशीं अधिक जुळतें. विश्वचषकाचे सामने आले कीं कोल्हापूरच्या चौकाचौकांत ब्राझील व अर्जेंटिना ह्या देशांचे ध्वज लागतात, आणि तें केवळ अनुकरण आहे असें मला वाटत नाहीं. तिकडील जुने संघही असेच पेठांच्या पोटीं जन्मले. ब्युनोस आयर्स शहरांतील रिव्हर प्लेट हा संघ १९०१ सालीं व बोका जुनियर्स हा १९०५ सालीं स्थापन झाला. दोघांचेंही जन्मस्थान एकच, ला बोका नांवाची बंदरावरील गरीब वस्ती. पुढें रिव्हर श्रीमंतांच्या भागांत राहावयास गेला, बोका जेथल्या तेथेंच राहिला, आणि सख्ख्या भावांचें वैर व्हावें तसें ह्यांचें वैर झालें. बोकाच्या निळ्या-पिवळ्या रंगांविषयीं एक कथा परंपरेनें सांगतात. कोणते रंग घ्यावे ह्याविषयीं एकमत होईना, तेव्हां बंदरांत जें जहाज प्रथम शिरेल त्याच्या ध्वजाचे रंग घ्यावयाचे असें ठरलें. जहाज आलें तें स्वीडनचें. त्या दिवशीं दुसऱ्या एखाद्या देशाचें गलबत आधीं आलें असतें, तर आज लक्षावधि माणसें दुसऱ्याच रंगांसाठीं रडलीं आणि हसलीं असतीं.

बुद्धिवादी मनुष्य ही कथा ऐकून म्हणेल, “मग माझा आक्षेप तुम्हींच सिद्ध केला.” त्याचा युक्तिवाद असा: जी गोष्ट योगायोगानें आपली झाली तिच्यांत आपलें कर्तृत्व कांहीं नाहीं, आणि जेथें कर्तृत्व नाहीं तेथें अभिमानास जागा नाहीं. अर्ध्या मैलावर दुसऱ्या पेठेंत जन्मलों असतों तर ज्या रंगाचा आज तिरस्कार करतों तोच मला प्राणप्रिय झाला असता. तेव्हां ह्या प्रियतेला आणि ह्या तिरस्काराला अर्थ काय? शिवाय अशा अभिमानाचीं फळें पाहा. २०१८ सालीं दक्षिण अमेरिकेंतील सर्वश्रेष्ठ स्पर्धेची अंतिम लढत रिव्हर व बोका ह्यांच्यांतच आली. दुसऱ्या सामन्याच्या दिवशीं रिव्हरच्या चाहत्यांनीं बोकाच्या बसवर हल्ला केला, खेळाडू जखमी झाले, आणि अखेर तो सामना समुद्रापलीकडे माद्रिद शहरीं खेळवावा लागला. ज्या चषकाला स्पेनच्या सत्तेपासून दक्षिण अमेरिका मुक्त करणाऱ्या वीरांचें नांव दिलेलें आहे, तो द्यावयाला स्पेनचीच राजधानी गांठावी लागली! आपल्याकडेही प्रेक्षकांच्या हाणामारीमुळें सामने बंद पडल्याचे प्रसंग घडलेले आहेत. तेव्हां ही पेठेची भक्ति सोडून देऊन, जो चांगला खेळेल त्याला टाळ्या द्याव्या, हेंच शहाणपणाचें नव्हे काय?

ह्या आक्षेपाला एक उत्तर सहज सुचतें. दुसऱ्या घरीं जन्मलों असतों तर दुसऱ्या स्त्रीला मीं आई म्हटलें असतें. परंतु तेवढ्यावरून आईवरील माझें प्रेम निरर्थक ठरत नाहीं. प्रेम हें गुणांची परीक्षा घेऊन, गुणांकन करून केलें जात नाहीं. तें आधीं जडतें, आणि मग त्यांतून कर्तव्यें उत्पन्न होतात. पेठेवर प्रेम करणारा मनुष्य केवळ सामन्याच्या दिवशीं ओरडत नाहीं. तो वर्गणी देतो, शेजारचा म्हातारा आजारी पडल्यास मध्यरात्रीं त्याला दवाखान्यांत पोंचवितो. २०१९ सालीं पंचगंगेला महापूर आला तेव्हां ठिकठिकाणच्या तालीम-मंडळांचे तरुण मदतीला धांवले. सर्व जगावर सारखें प्रेम करणारा एखादा तत्त्वज्ञ त्या वेळीं कोणत्या गल्लींत शिरावें ह्याचा विचार करीत उभा राहिला असता. ज्याला एक गल्ली आपली वाटते त्याला निदान कोठून आरंभ करावयाचा हें ठाऊक असतें.

हें उत्तर खरें आहे, पण पुरें नाहीं. कारण हेंच उत्तर धृतराष्ट्रालाही देतां आलें असतें. पुत्रप्रेम त्यालाही जन्मानेंच मिळालें होतें, आणि त्यांतून उत्पन्न झालेलें कर्तव्य तो आपल्या समजुतीप्रमाणें करीतच होता. तेव्हां आपल्या माणसांवर प्रेम करावें कीं नाहीं, हा प्रश्न बाजूला ठेवूं. खरा प्रश्न असा कीं, आपलीं माणसें चुकत असतांना त्या प्रेमानें काय करावें? ह्या ठिकाणीं मला माझ्या लहानपणचा एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

त्या गोष्टीला चाळीसांहून अधिक वर्षें झालीं. अंतिम सामना होता. माझे चुलते, ज्यांना घरांत आणि गल्लींत सगळे तात्या म्हणत, मला बरोबर घेऊन गेले होते. तात्या स्वत: तरुणपणीं आमच्या पेठेच्या संघांतून पुष्कळ वर्षें खेळलेले. आम्ही प्रतिपक्षाच्या गोलच्या अगदीं मागें बसलों होतों. शेवटचीं कांहीं मिनिटें उरलीं असतां आमच्या एका खेळाडूनें उंचावरून आलेला चेंडू हातानें खालीं ओढला व गोलमध्यें मारला. पंच दूर होते, मध्यें चारपांच जण आले होते. त्यांना तें दिसलें नाहीं. त्यांनीं गोल दिला. प्रतिपक्षाचे खेळाडू पंचांभोंवतीं जमले, आणि आमचे लोक त्यांना हुर्यो करूं लागले. मीही ओरडत होतों. ओरडतां ओरडतां मीं बाजूला पाहिलें, तों तात्या हात गुडघ्यांवर ठेवून स्वस्थ बसले होते. आम्ही एक गोलानें जिंकलों. त्या रात्रीं गल्लींत गुलाल उधळला गेला, आणि तात्या जेवून लवकर झोंपले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते चालत त्या दुसऱ्या पेठेंत गेले. तेथें त्यांच्या वेळचा एक गोलरक्षक राहत असे, त्याच्या कट्ट्यावर बसून, चारजणांच्या देखत त्यांनीं सांगितलें, “हात लागलेला. मी बघितलोय.” एवढेंच बोलून, चहा घेऊन ते परत आले. निकाल बदलावा असें ते म्हणाले नाहींत. तशी अपेक्षाही नव्हती. पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आमच्या पेठेंत पोंचली. ‘घरभेदी’ हा शब्द मीं प्रथम त्या आठवड्यांत ऐकला. तात्या कट्ट्यावर आले कीं बोलणें थांबूं लागलें. पुढल्या हंगामांत वर्गणी मागणारीं पोरें आमचें दार सोडून पुढें गेलीं. तेव्हां तात्या स्वत: उठून तालमींत गेले, पैसे दिले, पावती घेतली आणि ती नेहमींच्या खिळ्याला अडकविली. सामना त्यांनीं एकही चुकविला नाहीं.

माझी गोष्ट निराळी आहे. त्या दुसऱ्या पेठेंतील एक मुलगा शाळेंत माझ्या बांकावर बसत असे. सोमवारीं त्यानें मला विचारलें, “तू तर गोलच्या मागंच बसलेलास. हात लागला का नाही?” भोंवतीं आमच्या पेठेंतील तिघे उभे होते. मी म्हणालों, “मला दिसलं नाही.” त्यानें माझ्याकडे थोडा वेळ पाहिलें व वही उघडली.

आतां ह्या प्रसंगाचा विचार करूं. त्या आठवड्यांत आमच्या पेठेनें तात्यांना बेइमान ठरविलें व मला इमानी ठरविलें असतें. हें खरें होतें काय? पेठेचा पक्ष सोडावयाचा नाहीं, हीच निष्ठेची कसोटी मानली तर खरें होतें. परंतु खेळाची रचना नीट पाहिली म्हणजे ही कसोटी टिकत नाहीं. फुटबॉलमध्यें दोन संघ परस्परांविरुद्ध असतात, पण ते विरुद्ध होण्यापूर्वीं एका गोष्टींत एक झालेले असतात; ती गोष्ट म्हणजे नियम. चेंडू दोन खांबांमध्यें गेला एवढ्यानें गोल होत नाहीं. मैदान मोकळें असतां कोणतेंही पोर तेवढें करूं शकतें. समोर अडविणारे आहेत, आणि जें करावयाचें तें दोघांनाही मान्य असलेल्या बंधनांत राहून करावयाचें आहे, म्हणून त्या कृत्याला किंमत आहे. ज्याला आपल्या संघाचा विजय प्रिय आहे त्याला हीं बंधनेंही प्रिय असलींच पाहिजेत. नाहीं तर त्याला विजय प्रिय नसून केवळ गुलाल प्रिय आहे. तात्यांनीं पेठेवरील प्रेम सोडलें नव्हतें. ज्या वस्तूवर पेठेचें प्रेम होतें ती वस्तु त्या दिवशीं हातीं आलेलीच नाहीं, हें त्यांना दिसलें होतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, पंचांचा निर्णय अखेरचा असतो हाही नियमच आहे. पंचांनीं गोल दिला, तेव्हां गोल झाला. हा आक्षेप टाळण्यासारखा नाहीं. निर्णय अखेरचा नसेल तर कोणताही सामना संपावयाचा नाहीं, आणि तात्यांनाही तें मान्य होतें. म्हणूनच निकाल फिरवा असें ते म्हणाले नाहींत. पण पंचांचा निर्णय सामना मिटवितो. जें घडलें तें न घडलेलें करण्याची शक्ति त्याच्यांत नाहीं. न्यायालयांतून सुटलेला मनुष्य स्वत:च्या मनांत सुटतोच असें नाहीं, तसेंच हें आहे. पंचांनीं आपलें काम प्रामाणिकपणें केलें होतें. जें त्यांना दिसलें नाहीं आणि आम्हांला दिसलें, त्याची जबाबदारी आमच्यावर येत होती.

महाभारतांत धृतराष्ट्राशेजारीं गांधारी आहे, हें आपण पुष्कळदां विसरतों. दुर्योधन युद्धापूर्वीं विजयाचा आशीर्वाद मागावयास आला असतां तिनें तो दिला नाहीं. जेथें धर्म असेल तेथें जय होवो, एवढेंच ती म्हणाली. तिचें पुत्रप्रेम धृतराष्ट्रापेक्षां कमी होतें असें कोणास म्हणतां येईल? युद्धानंतरचा तिचा शोक ज्यांनीं वाचला आहे ते तरी म्हणणार नाहींत. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या त्या स्त्रीला जें दिसत होतें, तें पाहूनही तिचें प्रेम आटलें नाहीं, आणि प्रेमामुळें तिनें तें पाहण्याचें टाळलें नाहीं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच हृदयांत राहूं शकतात एवढें कळलें, तरी आपला अर्धा प्रश्न सुटतो.

राहिलेला अर्धा प्रश्न असा कीं, ‘आपला’ कोणाला म्हणावयाचें? येथें पुन्हां दक्षिण अमेरिकेकडे वळावें लागतें. रिओ दि जानेरो येथें पोर्तुगीज वसाहतकऱ्यांनीं १८९८ सालीं एक क्लब काढला. आधीं तो नौका वल्हविण्याचा होता, फुटबॉल मागाहून आला. वास्को द गामा कालिकतला पोंचल्यास त्या वर्षीं चारशें वर्षें होत होतीं, म्हणून त्याचेंच नांव क्लबला दिलें. आपल्या किनाऱ्यावर ह्या नांवाची आठवण निराळी आहे. १५०२ सालच्या सफरींत यात्रेकरूंनीं भरलेलें जहाज जाळणारा हाच दर्यावर्दी. पण नांव कोणाचें आहे ह्यापेक्षां त्या नांवानें पुढें काय केलें हें महत्त्वाचें. १९२३ सालीं ह्या क्लबनें रिओचें अजिंक्यपद मिळविलें, तें कृष्णवर्णी, मजूर व निर्धन खेळाडूंच्या बळावर. प्रतिष्ठित क्लबांना हें सहन झालें नाहीं. त्यांनीं निराळी संघटना काढली, आणि बारा खेळाडू काढून टाकल्यास तुम्हांलाही प्रवेश देऊं असें वास्कोला कळविलें. क्लबचे अध्यक्ष जुझे आउगुस्तु प्रेस्तिस ह्यांनीं ७ एप्रिल १९२४ रोजीं पत्र लिहून ही अट नाकारली. संघटनेबाहेर राहणें त्यांनीं पत्करलें; पुढल्या वर्षीं क्लबला आंत घ्यावेंच लागलें. १९२७ सालीं चाहत्यांच्या वर्गणींतून त्यांनीं आपलें भव्य मैदानही उभें केलें.

ह्या ठिकाणीं निष्ठा आणि न्याय हातांत हात घालून चालतांना दिसतात. पोर्तुगीजांच्या क्लबला हे बारा जण रक्तानें आपले नव्हते. एकत्र खेळल्यानें ते आपले झाले होते. कोल्हापूरच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटूं नये. ज्या राजानें तालमींना आश्रय दिला, त्यानेंच २६ जुलै १९०२ च्या आज्ञेनें आपल्या संस्थानांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या, आणि अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे ह्यांच्या हॉटेलांतील चहा सर्वांच्या देखत घेतला. अलीकडे पेठांच्या संघांतून बाहेरगांवचे, क्वचित् आफ्रिकेंतून आलेलेही खेळाडू खेळले आहेत, आणि ‘हे कुठले आपले?’ असा प्रश्न मीं पायऱ्यांवर ऐकला आहे. घाम आमच्या रंगाच्या अंगरख्यांत गळत असेल तर तो आपला, ह्याहून दुसरें उत्तर मला सुचत नाहीं. २०१७ सालीं भारतांत झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हां त्याची पेठ कोणती हें विचारावें असें मला तरी वाटलें नाहीं. आपलेपणाची सीमा जन्मानें आंखलेली असते. ती तेथेंच ठेवावी असा मात्र कोठें नियम नाहीं.

आणि प्रतिपक्षी? तोही एका अर्थानें आपलाच असतो, कारण त्याच्यावांचून आपला खेळ होत नाहीं. २८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं ब्राझीलमधील शापेकोएन्सी ह्या लहानशा क्लबचें विमान कोलंबियांतील मेदेयीन शहराजवळ कोसळलें. ७१ माणसें मेलीं, त्यांत जवळजवळ सारा संघ होता. ते एका अंतिम सामन्यासाठीं निघाले होते. प्रतिपक्षी होता मेदेयीनचाच आत्लेतिको नासिओनाल. त्या क्लबनें चषक मृतांच्या संघाला द्यावा अशी मागणी केली, व ती मान्य झाली. सामना ज्या संध्याकाळीं व्हावयाचा होता त्या संध्याकाळीं त्या शहरचे लोक पांढरे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन मैदानावर आले, आणि ज्यांना हरविण्यासाठीं ते एरवीं ओरडले असते त्यांच्यासाठीं उभे राहिले. पेठेचा अभिमान नसलेल्या लोकांना हें सुचलें असतें कीं नाहीं, ह्याची मला शंका आहे. स्वत:च्या संघाचें नसणें म्हणजे काय, ह्याची कल्पना ज्यांना करतां येत होती त्यांनाच तें सुचलें.

तेव्हां पेठेचा अभिमान टाकून द्यावा असें मी म्हणणार नाहीं. तो टाकून मनुष्य न्यायी होतोच असें नाहीं. पुष्कळदां तो नुसता अलिप्त होतो. अभिमान ठेवावा, आणि त्याला सत्य ऐकण्याची संवय लावावी. ही संवय हीच खरी तालीम. ती कठीण आहे हें मी स्वानुभवानें सांगतों. तात्यांना जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. त्यांनीं त्या सोमवारीं मला कांहीं विचारलें नाहीं, पुढेंही कधीं विचारलें नाहीं. मीं काय पाहिलें हें त्यांना ठाऊक होतें, कारण मी त्यांच्याच शेजारीं बसलों होतों. माझा तो शाळासोबती ह्याच गांवांत असतो, आणि आम्ही लग्नकार्यांत भेटतों. तीन वर्षांपूर्वीं अशाच एका लग्नांत, पंगत उठल्यावर मीं त्याला ती गोष्ट सांगितली. तो सुपारी कातरीत होता. म्हणाला, “मला म्हाईत होतं की रं.” मग त्यानें मला सुपारी दिली, आणि येत्या रविवारीं आमच्या दोन पेठांचा सामना आहे तो पाहावयास येणार काय, म्हणून विचारलें.